मोटारसायकलचा टायर : ओल्या रस्त्यावरील पकड आणि टिकाऊपणा

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ती लवकर झिजू नये एवढीच अपेक्षा गाडीवान तिच्याकडून करतो. तिने रस्ता घट्ट धरून ठेवावा असे त्याला कधी वाटत नाही, कारण बैलाच्या चालीने जाणाऱ्या गाडीला त्याची फारशी गरज नसते. मोटारसायकलच्या टायरकडून मात्र आपण दोन्ही गोष्टी मागतो. पावसात भिजलेल्या डांबरी रस्त्यावर तो घसरू नये आणि त्याच वेळी त्याने हजारो किलोमीटर साथही द्यावी, अशी आपली इच्छा असते. या दोन मागण्या काही अंशी एकमेकींच्या आड येतात. त्या का आड येतात आणि त्यांतून सामान्य स्वाराने मार्ग कसा काढावा, हे येथे पाहावयाचे आहे.

हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के माणसे दुचाकीवरील होती. या मृत्यूंचे खापर टायरवर फोडणे अर्थातच चुकीचे ठरेल. अतिवेग, शिरस्त्राणाचा अभाव, वाईट रस्ते अशी अनेक कारणे त्यांमागे असतात. परंतु चारचाकी वाहनाचे एक चाक घसरले तरी उरलेली तीन चाके त्याला उभे ठेवतात. दुचाकीचे पुढचे चाक घसरले, तर तोल सावरण्यास क्वचितच अवधी मिळतो. म्हणून दुचाकीच्या बाबतीत टायरची निवड ही प्राणांशी निगडित असलेली निवड आहे.

तळहाताएवढी जागा

मोटारसायकल आणि स्वार यांचे मिळून २०० किलोग्रॅम वजन आहे व त्यातील १२० किलोग्रॅम मागील चाकावर पडते, असे समजू. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम असेल, तर ढोबळमानाने तो टायर रस्त्याला ६० चौरस सेंटिमीटर एवढ्याच जागेत टेकतो. ही जागा मोठ्या माणसाच्या तळहाताएवढी झाली. पुढील चाकाची जागा याहूनही लहान असते. वेग घेणे, वळणे आणि थांबणे या सर्व क्रिया या दोन छोट्या जागांच्या आधारे होतात.

थांबण्याचेच उदाहरण घेऊ. रस्ता कोरडा असताना टायर व रस्ता यांमधील घर्षणांक ०.७ आणि ओला असताना ०.४ आहे असे धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यानंतर कोरड्या रस्त्यावर सुमारे २० मीटरांत थांबेल. ओल्या रस्त्यावर तिला सुमारे ३५ मीटर लागतील. संकट दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत जो एखादा सेकंद जातो, त्यात गाडी आणखी १७ मीटर पुढे गेलेली असते, ती गोष्ट वेगळीच. मधल्या पंधरा मीटरांत रस्ता ओलांडणारे मूल असू शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे पकडीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

चाक जागच्या जागी अडकू न देणारी ब्रेक-यंत्रणा, जिला आपण एबीएस म्हणतो, ती भारतात एप्रिल २०१८ पासून १२५ घन सेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना सक्तीची झाली. ही यंत्रणा अत्यंत उपयुक्त आहे. परंतु ती असलेल्या पकडीचा चांगला उपयोग करून घेते, नसलेली पकड ती निर्माण करू शकत नाही. पकड द्यावयाची ती टायरनेच.

रबर रस्त्याला कसे धरते

रबर रस्त्याला दोन प्रकारे धरते. पहिला प्रकार चिकटण्याचा. रबराचे रेणू रस्त्याच्या कोरड्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात व ओढले जाऊन सुटतात. दुसरा प्रकार मुरडण्याचा. रस्त्यावरील खडीचे बारीक उंचवटे रबरात रुततात. रबर त्यांच्यावरून घसरताना दबते आणि पुन्हा वर येते. दबताना खर्च झालेली सारी ऊर्जा ते परत करीत नाही; काही भागाची उष्णता होते. ही ऊर्जा जेथे गिळली जाते तेथेच घसरण्याला विरोध निर्माण होतो.

यासाठी दोन चेंडूंची कल्पना करावी. एक चेंडू जमिनीवर टाकताच जवळजवळ तितक्याच उंचीपर्यंत उसळतो. दुसरा मऊ आवाज करून तेथेच बसतो. पहिल्याने घेतलेली ऊर्जा परत दिली, दुसऱ्याने ती गिळली. रबराच्या या गिळण्याच्या गुणाला शास्त्रज्ञ हिस्टेरेसिस म्हणतात. पाऊस पडला की रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा येतो आणि चिकटण्याचा मार्ग बराचसा बंद होतो. अशा वेळी मुख्य भिस्त उरते ती दुसऱ्या मार्गावर. म्हणून ओल्या रस्त्यावर उसळत्या चेंडूपेक्षा बसक्या चेंडूसारखे रबर अधिक विश्वासाचे ठरते.

मग सर्वच टायर अशा रबराचे का करीत नाहीत, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. याचे उत्तर रबराच्या प्रकारांत आहे. प्रत्येक रबर विशिष्ट तपमानाच्या खाली काचेसारखे कडक होते. पॉलिब्युटाडाइन या कृत्रिम रबराच्या बाबतीत हे तपमान शून्याखाली सुमारे १०० अंश सेल्सिअस असते. रबराच्या झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या नैसर्गिक रबराचे शून्याखाली सुमारे ७० अंश. स्टायरीन मिसळलेल्या कृत्रिम रबराचे त्याहून वर, स्टायरीनच्या प्रमाणानुसार बदलणारे. हे तपमान जितके खाली, तितके रबर अधिक उसळते आणि सामान्यतः कमी झिजते. ते जितके वर, तितके रबर अधिक ऊर्जा गिळते आणि ओल्या रस्त्याला अधिक चांगले धरते. टायर बनविणारे कारखाने या रबरांची मिश्रणे करतात. एक घटक वाढविला की आयुष्य वाढते, दुसरा वाढविला की पकड. तराजूचे एक पारडे खाली नेले की दुसरे वर जाते, तसाच हा प्रकार आहे.

काजळी आणि सिलिका

नुसते रबर टायरच्या कामाचे नसते. चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची क्रिया शोधून काढली, आणि जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने १८८८ साली बेलफास्ट येथे आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला टायर तयार केला. तरीही सुरुवातीचे टायर फार लवकर झिजत. ते रंगानेही फिकट असत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत रबरात अतिसूक्ष्म काजळी मिसळण्याची पद्धत रूढ झाली आणि टायरचे आयुष्य कितीतरी पटींनी वाढले. आज टायर काळा दिसतो तो या काजळीमुळे.

पकड आणि टिकाऊपणा यांच्यातील ओढाताण काही अंशी सैल केली ती सिलिकाने. सिलिका म्हणजे वाळूचा मुख्य घटक. तिची अतिसूक्ष्म पूड सिलेन नावाच्या संयुगाच्या दुव्याने रबराशी जोडली, तर एक उपयुक्त गोष्ट घडते. खडीच्या उंचवट्यांवरून घसरताना रबर दर सेकंदाला हजारो वेळा मुरडते. चाक फिरताना मात्र टायरचा प्रत्येक भाग दर फेरीला एकदाच दबतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगाला सेकंदात सुमारे नऊ वेळा. सिलिकायुक्त रबर पहिल्या प्रकारात पुष्कळ ऊर्जा गिळते व दुसऱ्यात कमी. म्हणून ओली पकड वाढते आणि इंधन मात्र वाया जात नाही. मिशेलिन कंपनीने १९९२ च्या सुमारास मोटारीसाठी असे टायर बाजारात आणले. पुढे मोटारसायकलच्या टायरांतही सिलिका वापरली जाऊ लागली.

दुसरा उपाय मोटारसायकलच्याच आकारातून सुचलेला आहे. ही गाडी वळताना कलते. त्यामुळे सरळ जाताना टायरचा मधला पट्टा झिजतो आणि वळताना कडेचा पट्टा कामी येतो. काही टायरांत मध्यभागी कठीण व दोन्ही कडांना मऊ रबर वापरतात. नागपूर ते रायपूर अशा सरळ महामार्गावर नित्य जाणाऱ्यास त्याचा फायदा मिळतो. मात्र सरळ रेषेत ब्रेक लावताना मधलाच पट्टा रस्त्यावर असतो, हे विसरता कामा नये.

खाचा कशासाठी असतात

टायरवरील खाचांमुळे पकड वाढते असे अनेकांना वाटते. कोरड्या रस्त्यापुरते हे खरे नाही. शर्यतीच्या गाड्यांचे कोरड्या दिवसाचे टायर पूर्णपणे गुळगुळीत असतात. खाचांचे काम पाण्याला वाट करून देणे हे आहे. रस्त्यावर केवळ एक मिलिमीटर पाणी असले आणि टायरची टेकणारी जागा ५ सेंटिमीटर रुंद असली, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना टायरला दर सेकंदाला पाऊण लिटरहून अधिक पाणी बाजूला सारावे लागते. हे पाणी खाचांतून गेले नाही, तर ते टायरखाली राहते आणि टायर रस्त्यावरून उचलला जाऊ लागतो.

मोटारसायकलचा टायर अरुंद आणि गोलसर असल्याने होडीच्या नाळेप्रमाणे पाणी कापतो. मोटारीच्या रुंद टायरपेक्षा तो पाण्यावर सहसा उशिरा तरंगू लागतो. त्याला खरा धोका असतो तो पातळ आणि मळकट पापुद्र्याचा. मोठ्या खंडानंतर पडणाऱ्या पहिल्या सरीत धूळ, तेल आणि घासलेल्या रबराचा चुरा एकत्र मिसळून रस्ता साबण लावल्यासारखा होतो. केरळात जूनच्या आरंभी, दिल्लीत बहुधा जूनच्या अखेरीस आणि चेन्नईत ऑक्टोबरमध्ये हाच अनुभव येतो. पाऊस जोराने पडत राहिला की हा थर वाहून जातो. रस्त्यावरील रंगविलेले पट्टे, लोखंडी झाकणे आणि पुलांच्या सांध्यांवरील पट्ट्या यांना मात्र खडीचा खरखरीतपणाच नसतो. तेथे कितीही उत्तम टायर फारसे साहाय्य करू शकत नाही. वेग आधीच कमी करणे हाच उपाय.

काही गैरसमज

पावसाळ्यात टायरमधील हवा कमी ठेवावी म्हणजे पकड वाढते, हा समज फार दूरवर पसरलेला आहे. चिखलाच्या वाटेपुरते त्यात तथ्य आहे. डांबरी रस्त्यावर मात्र हवा कमी असली की टायर पसरतो, खाचा आकसतात आणि टेकण्याच्या जागेवरील दाब घटल्याने पाणी बाहेर ढकलले जात नाही. शिवाय गाडी वळणावर डगमगते. उत्पादकाने सांगितलेला दाब पावसातही तोच ठेवावा.

दुसरा समज असा की, टायर जितका रुंद तितका सुरक्षित. रिमच्या मापापेक्षा रुंद टायर बसविला की त्याचा गोलाकार बिघडतो, तो कडेला चिमटल्यासारखा होतो आणि त्याला अधिक पाणी बाजूला सारावे लागते. तिसरा समज मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीविषयी. असे टायर माती व चिखल यांसाठी असतात. डांबरी रस्त्यावर त्यांचे थोडेसेच रबर टेकते आणि ठोकळे वाकल्याने ते लवकर झिजतात. चौथी गोष्ट समजापेक्षाही गंभीर आहे. बोलीभाषेत ज्याला 'गोटा' झालेला टायर म्हणतात, त्याला रस्त्याच्या कडेला पुन्हा खाचा पाडून देणारे कारागीर काही ठिकाणी आढळतात. अशा खाचा आतील दोऱ्यांच्या थरापर्यंत जातात. हा टायर नवा दिसतो, पण केव्हा फुटेल याचा नेम नसतो.

टायर निवडताना

टायरच्या बाजूवर रोमन लिपीत काही खुणा उठविलेल्या असतात. उदाहरणार्थ, '८०/१००-१८ ४७ पी' असे असेल तर टायरची रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या शंभर टक्के आणि रिमचा व्यास १८ इंच. ४७ हा आकडा १७५ किलोग्रॅमपर्यंतचा भार दर्शवितो आणि 'पी' हे अक्षर ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाचा व त्याहून कमी भारक्षमता नसलेलाच टायर घ्यावा. दुचाकीच्या टायरांसाठी आय.एस. १५६२७ हे भारतीय मानक आहे. २००९ च्या केंद्रीय आदेशाने टायरांवर आय.एस.आय. चिन्ह आवश्यक केले, तेही पाहून घ्यावे.

चार अंकांची आणखी एक खूण महत्त्वाची आहे. तीत पहिले दोन अंक आठवड्याचे व नंतरचे दोन वर्षाचे असतात. '२३२४' म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. हवा, ऊन आणि ओझोन यांमुळे रबर न वापरताही हळूहळू कडक होते. कडक झालेल्या टायरच्या खाचा खोल असल्या तरी ओल्या रस्त्यावर तो दगा देतो. म्हणून दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, आणि पाच वर्षांनंतर टायरला चिरा पडल्या आहेत काय, हे दरवर्षी तपासावे.

नक्षी निवडताना खाचा मध्यभागापासून कडेपर्यंत पाणी नेतात का, ते पाहावे. फिरण्याची दिशा दाखविणारा बाण असल्यास टायर त्याच दिशेने बसवून घ्यावा. जो उत्पादक ओल्या रस्त्यासाठीचे सिलिकायुक्त मिश्रण वापरल्याचे स्पष्ट सांगतो, त्याला प्राधान्य द्यावे. 'अधिक किलोमीटर' एवढेच ज्याचे बिरुद आहे, त्याच्या रबराविषयी पावसाळी प्रदेशातील स्वाराने चौकशी करावी.

खर्चाचा हिशेबही मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, एक कठीण टायर १,८०० रुपयांना मिळतो व ३०,००० किलोमीटर चालतो; दुसरा अधिक पकडीचा टायर २,००० रुपयांना मिळतो व २२,००० किलोमीटर चालतो. पहिल्याचा खर्च दर किलोमीटरला ६ पैसे, दुसऱ्याचा सुमारे ९ पैसे. रोज २० किलोमीटर जाणाऱ्या माणसाला दुसरा टायर दिवसाकाठी साधारण ६० पैशांनी महाग पडतो. ब्रेक लागण्याच्या क्षणी मिळणाऱ्या काही मीटरांची ही किंमत आहे.

बाडमेर किंवा बिकानेर येथील स्वाराने वेगळा निर्णय घेतला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. तेथे पावसाचे दिवस थोडे आणि उन्हाळ्यात तापलेला रस्ता टायर भराभर झिजविणारा असतो. कोकण, मलबार किंवा शिलाँगच्या डोंगरवाटांवरील स्वाराने मात्र आधी पावसाचा विचार करावा.

आयुष्य वाढविणे स्वाराच्या हाती

टायरचे मिश्रण कारखान्यात ठरते; ते स्वाराला बदलता येत नाही. झीज मात्र पुष्कळशी त्याच्या हातात असते. टायर वळताना जितका अधिक घसटतो, तितकी झीज त्याहून वेगाने वाढते. घसट दुप्पट झाली की झीज सुमारे चौपट होते. एकदम वेग घेणे आणि अखेरच्या क्षणी ब्रेक दाबणे या सवयींचा परिणामही असाच असतो. हवेचा दाब आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावा. तापलेल्या टायरमध्ये तो वाढलेला दिसतो. हवा कमी असेल तर टायर तापतो व कडेला झिजतो; जास्त असेल तर मधला पट्टा लवकर जातो. साखळी घट्ट करताना मागील चाक तिरके राहिले, तर टायर एका बाजूने खाल्ला जातो.

नवा टायर बसविल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवावे, कारण त्याचा पृष्ठभाग साच्यातून आलेला व गुळगुळीत असतो. मागील टायर लवकर झिजतो म्हणून तोच पुन्हा पुन्हा बदलावयाचा आणि पुढील टायर वर्षानुवर्षे तसाच ठेवावयाचा, ही प्रथा धोक्याची आहे. ब्रेक लावताना भार पुढील चाकावर येतो. तेथील रबर कडक झालेले असेल तर मागील नवा टायर काही करू शकत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे दुचाकीच्या टायरच्या खाचा ०.८ मिलिमीटरहून कमी खोल असता कामा नयेत. खाचांच्या तळाशी असलेल्या छोट्या उंचवट्यांवरून ही मर्यादा ओळखता येते. परंतु ही कायद्याची शेवटची सीमा आहे, सुरक्षिततेची नव्हे. मे महिन्यात खाचा दोन मिलिमीटरांवर आल्या असतील, तर त्या टायरवर पावसाळा काढू नये. उरलेले रबर वाया गेले असे वाटेल. पण कोरड्या रस्त्यावर त्याने आपले काम केलेलेच असते.

सारांश, पकड विकत घ्यावी लागते, आयुष्य मात्र जपून वाढविता येते. म्हणून पावसाच्या प्रदेशात टायर निवडावा तो पकडीसाठी, आणि टिकाऊपणाची जबाबदारी स्वतःच्या हातांवर व हवेच्या मापकावर सोपवावी. हा क्रम उलटा केला, तर काटकसर झाल्यासारखी वाटते. तिची खरी किंमत पहिल्या सरीत कळते.